माशाच्या अंगात चिप बसवली तर त्याच्या तब्येतीवर काय परिणाम होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगोल्याकडच्या शेततळ्यात रोहू-कटल्याचे पैदाशीचे नर-माद्या ठेवल्या आहेत, प्रत्येक मासा ओळखता यावा म्हणून चिप बसवायची आहे, पण मासे आजारी पडतील, वाढ खुंटेल अशी भीती वाटते. भीती अगदीच खोटी नाही. पण चिपपेक्षा ती बसवताना माशाची जी ओढाताण होते, तिचा त्रास कितीतरी जास्त असतो.

शेततळ्यासाठी पीआयटी चिप पुरते. 12 मिमी लांब, जेमतेम 2 मिमी जाड, बंद काचेची नळी. वजन सुमारे 0.1 ग्रॅम. पोकळ सुईने ती माशाच्या पोटात सोडतात. आत बॅटरी नसते, रीडर जवळ नेला की तेवढ्यापुरती चालू होऊन नंबर देते. त्यामुळे गळण्या-गंजण्यासारखं काही नाही, आणि काचेला माशाचं शरीर सहसा सामावून घेतं. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर झपाट्याने वाढणारा जयंती रोहू तयार केला, त्या निवड पैदाशीतही मासे असल्याच चिपांनी ओळखले जात. मोजायचा होता तो वाढीचाच वेग, हे लक्षात घ्या.

आकाराचा जुना नियम असा की टॅगचं, म्हणजे इथे चिपचं, वजन माशाच्या वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्या हिशोबाने 5 ग्रॅमच्या बोटुकलीलाही (बोटाएवढ्या पिल्लालाही) चिप चालावी, पण तिच्या पोटात 12 मिमीची नळी मावायलाही हवी. मी तरी 10 सेंटिमीटरच्या खालच्या माशाला हात लावू नका असंच सांगेन. तुमचे मासे किलो-दोन किलोचे आहेत, तिथे हा प्रश्नच नाही.

खरा प्रश्न आपल्या सोलापुरी उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये तळ्याचं पाणी 30 अंशांच्या वर जातं, त्यात प्राणवायू कमी मावतो आणि जखमेत जिवाणूही झपाट्याने वाढतात. पावसाळ्याच्या तोंडावर माद्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात, सुई सरळ अंडाशयात जाते. म्हणून काम डिसेंबर-जानेवारीत उरका. पहाटे मात्र नको. शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं, त्यामुळे उजाडताना तळ्यात तो सगळ्यात कमी असतो. ऊन थोडं वर आलं की नऊच्या सुमारास सुरू करा. आदल्या दिवशी खाद्य बंद.

गुंगीसाठी लवंग तेल चालतं, पण ते पाण्यात नुसतं ओतलं तर तवंग धरतं. 1 मिली तेल 9 मिली अल्कोहोलमध्ये हलवून घ्या आणि हे सगळं 20 लिटर पाण्यात मिसळा, म्हणजे लिटरला साधारण 50 मिलिग्रॅम पडतं. पाणी त्याच तळ्याचं, टबात एअर पंप चालू. आधी एकाच माशावर बघा. मासा आडवा झाला, शेपूट दाबली तरी हलला नाही, पण कल्ले संथ चालू आहेत, इथेच त्याला बाहेर घ्या. कल्ले थांबेपर्यंत वाट पाहणं हीच नेहमीची चूक. झालंच तसं, तर स्वच्छ पाण्यात तोंड पुढे करून हळूहळू पुढे ढकलत राहा. मागे ओढलं की कल्ल्यांना इजा होते.

हात ओले, खाली ओला स्पंज, डोळ्यांवर ओलं फडकं. कोरड्या हाताने किंवा गाठींच्या जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. रोगाला अडवणारी पहिली भिंत तीच, आणि पुढे आठवड्याने मासे मरू लागले की दोष मात्र चिपला जातो. चिप आणि सुई 70 टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवून निर्जंतुक सलाइनने धुवा. पोटाच्या मधल्या रेषेच्या किंचित बाजूला, छातीच्या आणि पोटाच्या परांच्या मध्ये जागा धरा. रोहूचा खवला मोठा आणि टणक असतो. त्यावर जोर देऊ नका, सुईचं टोक खवल्याच्या कडेखाली सरकवा. सुई शेपटीच्या दिशेने, जवळजवळ आडवी. पोटाची भिंत पार झाल्याचा हलका झटका हाताला कळतो, तिथेच थांबून चिप सोडा. आणखी आत गेलात की आतडं किंवा यकृत. पाण्याबाहेरचा सगळा वेळ एका मिनिटाच्या आत बसवा.

नंतर लिटरला 5 ग्रॅम खडे मिठाच्या पाण्यात, भरपूर हवा देऊन, पूर्ण सावध होईपर्यंत ठेवा. ताणामुळे गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार बाहेर जातात, मिठाने ती गळती कमी होते. पहिले काही दिवस खाणं मंदावतं, ते साहजिक आहे. सुईची जखम एक-दोन आठवड्यांत मिटते. कडेला लाली पसरली, सूज आली किंवा कापसासारखे पुंजके दिसले तर मासा वेगळ्या हौदात.

चिप लावलेल्या प्रत्येक माशाच्या डाव्या पोटपराचा छोटा तुकडा कापून ठेवा. पर कापलेला पण रीडर गप्प, म्हणजे चिप पडली. ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत जखमेतूनच पडते.

उजनीसारख्या मोठ्या जलाशयात मासे कुठे फिरतात हे बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ध्वनिलहरी सोडणारा बॅटरीचा टॅग लागतो, पोटाला छेद देऊन टाके घालावे लागतात, आणि त्रासही त्या प्रमाणात वाढतो. टाक्याला एकपदरी धागा घ्या. विणलेला रेशमी धागा पाणी आणि जंतू आत ओढतो. काही माशांत आणखी एक गंमत घडते: शरीर टॅगभोवती पिशवी तयार करून त्याला आतड्यात ढकलतं, टॅग विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि मासा खुशाल जगतो. अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशमध्ये हे नोंदवलेलं आहे.

विक्रीच्या माशांना मात्र चिप लावू नका. काच कुणाच्या ताटात जायला नको, आणि नुसत्या वाढीच्या अंदाजाला फेकजाळ्याने काढलेले दहा-वीस मासे तोलले तरी भागतं. पैदाशीचा मासा मेलाच तर पोट उघडून चिप कुठे होती ते बघा. यकृताला किंवा आतड्याला भोक दिसलं तर सुईचा कोन चुकतोय. चिप धुऊन, निर्जंतुक करून दुसऱ्या माशाला वापरता येते.