टीएसएच वाढलेला असताना डॉक्टर 'थायरॉइड कमी आहे' असं का म्हणतात?

कारण टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला 'काम कर' म्हणून हाकारतं. थायरॉइड मंदावली की पिट्युटरी जास्त जोरात ओरडते. म्हणजे रिपोर्टवर टीएसएच वर, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खाली. ही हाक भलतीच संवेदनशील असते: टी४ थोडा घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी उसळतो, म्हणून आधी तोच तपासतात.

थायरॉइड मुख्यतः टी४ तयार करते. शरीराला प्रत्यक्ष लागतो तो टी३, आणि तो बराचसा यकृतासारख्या अवयवांत टी४ मधला आयोडीनचा एक अणू काढून बनतो. म्हणून बहुतेकांना नुसती टी४ ची गोळी पुरते.

गोळी सुरू केल्यावर लोक दहाव्या दिवशीच पुन्हा रक्त देऊन येतात. पैसे वाया! रक्तातला टी४ निम्मा व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला ६ आठवडे तरी द्या.

१८९१ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉइड मंदावलेल्या एका रुग्ण बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला होता. त्या पुढे २८ वर्षं जगल्या. शुद्ध थायरॉक्सिन (म्हणजेच टी४) वेगळं करायला मात्र १९१४ उजाडलं. ते एडवर्ड केंडल यांनी केलं. डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.