ओठांची ॲलर्जी : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : सहा वर्षे एकच लिपस्टिक वापरते आहे. आता मात्र ओठांना खाज सुटते, कडेने पुरळ उठते, खपल्या निघतात. इतक्या वर्षांनी ॲलर्जी कशी होईल?

उत्तर : होऊ शकते, कारण ही ॲलर्जी हळूहळू जडते. एखादा घटक त्वचेत वारंवार शिरत राहिला की शरीरातील टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कधीतरी त्याला परका मानू लागतात आणि त्यानंतर तो लागला की साधारण एक ते तीन दिवसांत दाह उमटतो. या उशिरामुळेच दोष भलत्यावर जातो. सोमवारच्या लिपस्टिकचा त्रास बुधवारी दिसतो आणि ठपका मंगळवारच्या तिखट जेवणावर येतो. रंगापेक्षा सुगंधी द्रव्ये, एरंडेल तेलातील रिसिनोलेइक आम्ल, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतील मेणासारखा पदार्थ), प्रोपिल गॅलेट (तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) किंवा ऊन अडवणारे ऑक्सिबेन्झोन यांच्यावर माझा संशय आधी जातो. शिवाय नाव तेच ठेवून उत्पादक घटक बदलू शकतो, म्हणून जुन्या आणि नव्या वेष्टनावरील यादी ताडून पाहा.

प्रश्न : दिवसातून दहा वेळा नैसर्गिक लिपबाम लावूनही भेगा वाढतच आहेत. काय करू?

उत्तर : तो बाम आजच बंद करा. प्रोपोलिस (मधमाश्यांच्या पोळ्यातील डिंकासारखा पदार्थ), पुदिन्याचे तेल, लॅनोलिन ही सारी नैसर्गिकच द्रव्ये आहेत आणि त्यांची ॲलर्जी होते. काही आठवडे केवळ बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली लावा, ओठ चाटू नका, आणि पुदिना किंवा दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्टही बदला. तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

प्रश्न : ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, असे लिहिलेले उत्पादन सुरक्षित असते का?

उत्तर : तशी खात्री देता येत नाही. घटकांची यादीच वाचावी.

प्रश्न : नवी लिपस्टिक घरी तपासता येईल का?

उत्तर : येईल. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी ती दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. लाली, खाज वा पुरळ आल्यास थांबवा. मात्र पूर्वी लिपस्टिक लावताच काही मिनिटांत ओठ सुजले असतील किंवा अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या असतील, तर हा प्रयोग मुळीच करू नका. कोचिनील किड्यांपासून मिळणाऱ्या कार्माइन या लाल रंगाने क्वचित अशी तत्काळ प्रतिक्रिया येते, आणि श्वास कोंडू लागल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. रेंगाळणाऱ्या दाहासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात : संशयित घटक लावून पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. त्या वेळी लिपस्टिक, बाम, टूथपेस्ट आणि नेलपॉलिशसुद्धा मूळ वेष्टनासह न्या, कारण बोट नकळत ओठांकडे जाते आणि नखांवरचा घटक तिथे त्रास देतो.