तपासून तपासून थकले, तरी निबंध सुधारत नाहीत

"निबंध तपासण्यात माझे शनिवार-रविवार जातात आणि पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका. ही मुलं या वर्गात बसवलीच कशी?" महाराष्ट्रातून एम.ए. करून गेलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) अर्धवेळ इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलं या वर्गात कशी आली, याचं उत्तर सोपं आहे. 2017 साली मंजूर झालेल्या ए.बी. 705 कायद्यामुळे तिथे हायस्कूलचे गुण पाहून बहुतेकांना थेट पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या लेखनवर्गात घेतात. त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा, रात्रपाळी करून आलेली आई आणि सैन्यातून परतलेला माणूस एकाच वर्गात असणारच.

खरी अडचण लाल पेनाची. 28 निबंध, प्रत्येकी अर्धा तास म्हणजे 14 तास. एवढ्या खुणा पाहून विद्यार्थी फक्त ग्रेड बघतो आणि कागद दप्तरात कोंबतो. शिवाय मुद्दा बदलला की दुरुस्त केलेली निम्मी वाक्यं उडतातच.

म्हणून मी बाईंना एक क्रम सुचवला. पहिल्या मसुद्यात दोनच गोष्टी बघायच्या: लेखकाचं म्हणणं एका वाक्यात सापडतं का, आणि प्रत्येक परिच्छेदात मूळ मजकुरातला पुरावा आहे का. शेरे तीन, वेळ दहा मिनिटं. व्याकरण दुसऱ्या मसुद्यावर, तेही एकाच प्रकारच्या चुकीचं. पहिल्या परिच्छेदात ती चूक अधोरेखित करायची, पुढच्या विद्यार्थ्यानेच शोधायच्या. व्हिएतनामी बोलणाऱ्याचा भूतकाळाचा 'ईडी' गळतो, कारण त्याच्या भाषेत क्रियापदाचं रूप बदलत नाही. स्पॅनिश बोलणारा कर्ता गाळतो, कारण तिथे क्रियापदावरूनच तो कळतो. घरी इंग्रजीच बोलणारा दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने चिकटवतो. हे बाईंना लगेच पटलं. 'ए', 'ॲन', 'द'ने मराठी माणसाला कमी का छळलंय!

साहित्याच्या निबंधात वेगळंच दुखणं होतं. अमेरिकी लेखिका केट शोपँची 1894 सालची दोन-तीन पानांची कथा त्यांनी निवडली होती. निवड उत्तम: स्वामित्वहक्क संपलेला, विद्यार्थ्याला खर्च नाही, वर्गातच वाचून होते. पण कथेचा आशय बाईंनी आधीच समजावला, मग सगळ्यांच्या निबंधात कथानक आणि शेवटी बाईंचंच वाक्य. आता वाचन झाल्यावर प्रत्येकाने एक वाक्य आणि त्यातला एक शब्द निवडायचा आणि तो शब्द तिथे का, तो काढला तर काय जाईल, आपल्या या म्हणण्याला कोण हरकत घेईल, एवढंच लिहायचं. समजावणं त्यानंतर.

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात एकेकाशी आठ मिनिटं बोलायचं. 28 जणांना पावणेचार तास लागतात. ते वर्गाच्या वेळेतच घ्यावेत, कारण अर्धवेळ शिक्षकाला बाहेरच्या तासांचे पैसे मिळतीलच असं नाही. मध्येच गळणारे विद्यार्थी इथेच हाताला लागतात.

एक गोची मात्र झाली. खूण नाही म्हणजे बाकी सगळं बरोबर, असं एका विद्यार्थ्याने धरलं. तेव्हापासून प्रत्येक मसुद्याच्या माथ्यावर बाई लिहितात: या खेपेला फक्त अमुक तपासलं आहे.