रानातलं ते धुराडं

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडात प्लिमथला आलो आहोत. कॉर्नवॉलमध्ये सेंट ऑस्टेलजवळ रानात छप्पर उडालेली लांबलचक दगडी इमारत दिसली, टोकाला धुराडं. जावई म्हणतात, तांब्याची खाण. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जावईबापूंना जरा सांभाळून सांगा, पण ती बहुधा चिनी माती वाळवायची भट्टी. धुराड्याच्या विरुद्ध टोकाला आगटी शोधा. तिची धग फरशीखालच्या बोळांतून धुराड्याकडे जाई, वर पसरलेली ओली माती वाळे, मग ती फावड्यानं खालच्या कोठारात ढकलत. मागे चढावर माती निवळायच्या दगडी टाक्या असतील. त्याही वर अरुंद, समांतर चर दिसले तर थांबाच! त्यांतून मातीमिश्रित पाणी संथ वाहताना मातीतलं नकोसं अभ्रक तळाला बसे. लोक ते ओलांडून पुढे जातात, मला मात्र भट्टीपेक्षा तेच आवडतात.

ही माती कॉर्नवॉलच्या ट्रेगॉनिंग टेकडीवर १७४६ च्या सुमारास सापडली ती विल्यम कुकवर्दीला. तो तुमच्या प्लिमथचाच औषधविक्रेता. दूरवर दिसणारे पांढरट सुळके म्हणजे धुऊन उरलेल्या वाळूचे ढीग. जवळच्या व्हील मार्टिन संग्रहालयात हे सगळं नीट जपलेलं आहे, पाणचक्कीसकट. जावयांनाही न्या.