स्टॅम्प काँक्रीटचं अंगण: आधी डिझाइन, मग रंग

स्टॅम्प काँक्रीट म्हणजे ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगड-विटांसारखी नक्षी उठवणं. पहिल्यांदाच करत असाल तर विटांच्या रांगांचं डिझाइन टाळा. साचा अर्धा इंच सरकला तरी रांग वाकडी दिसते आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर ती सरळ करता येत नाही. लहानमोठ्या फरश्यांचं किंवा सलग स्लेटसारखं डिझाइन घ्या. त्यात चूक खपून जाते. 100 मिमी जाडीच्या थराला दर 2.5 ते 3 मीटरवर सांध्याचा काप (तडा गेलाच तर त्याच रेषेत जावा म्हणून मारलेली खाच) लागतोच. तो डिझाइनच्या कोणत्या रेषेवर येईल, हे ओतण्याआधीच सुतळी धरून ठरवा.

रंग छापील कार्डावरून कधीच ठरवू नका. दोन बाय दोन फुटांचा नमुना ओता, सीलर (वरून मारायचा संरक्षक थर) मारा आणि उन्हात पाहा, कारण सीलरने रंग गडद होतो. अनवाणी वावर असेल तर काळा किंवा गडद करडा नको. एप्रिलमध्ये पाय भाजतील. रंगीत हार्डनर (ओल्या काँक्रीटवर पसरायची, पृष्ठभाग रंगवणारी आणि कडक करणारी पावडर) चौरस मीटरला साधारण 3 किलो, दोन वेळा विभागून पसरा. कमी पडला की राखाडी डाग राहतात. रिलीज पावडर (साचा काँक्रीटला चिकटू नये म्हणून भुरभुरायची) एकदोन छटा गडद घ्या. धुतल्यावर ती खळग्यांत उरते, दगडाचा भास तिथूनच येतो.

हार्डनर ओला व्हावा म्हणून वरून पाणी मात्र शिंपडू नका, पुढे पोपडे निघतात. पावसाळ्यात पाय घसरू नये म्हणून सीलरमध्ये घसरणरोधक भुकटी मिसळा.