स्वित्झर्लंडच्या स्टेशनवरचं टाइमटेबल कसं वाचायचं?

प्रश्न : आम्ही दोघं आणि सासूबाई जूनमध्ये टूर कंपनीशिवाय स्वित्झर्लंडला चाललोय. झुरिकहून लाउटरब्रुनेनला ट्रेननं जायचंय. स्टेशनवरच्या टाइमटेबलचे फोटो बघितले, तर एक कागद पिवळा, एक पांढरा, आणि लाउटरब्रुनेन दोन्हीत सापडेना. नेमकं बघायचं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पांढरा कागद सोडून द्या, तो येणाऱ्या गाड्यांचा, त्यावर आंकुन्फ्ट लिहिलेलं असतं. तुमचा पिवळा, आबफार्ट म्हणजे सुटणाऱ्या गाड्या. घाईत दोन्ही सारखेच वाटतात म्हणून रंग पक्का लक्षात ठेवा. वेळ आपल्या रेल्वेसारखीच २४ तासांची, आणि ग्लाइस म्हणजे प्लॅटफॉर्म.

आता गाव का सापडत नाही, तर झुरिकहून थेट तिथं गाडीच जात नाही. आधी बर्न, मग इंटरलाकेन ओस्ट, मग लाउटरब्रुनेन, त्यामुळे झुरिकला तुम्ही फक्त बर्न शोधायचं. तेही मोठ्या अक्षरात मिळेलच असं नाही, कारण तिथं गाडीचं शेवटचं स्टेशन असतं, जिनिव्हा किंवा ब्रिग वगैरे, आणि बर्न मधल्या स्टेशनांच्या बारीक ओळीत. डोंबिवलीला जायचं असलं तरी आपण कर्जत, कसारा बघून चढतोच ना, तसंच. वेळेशेजारी क्रॉसची खूण दिसली तर ती वेळ रविवार आणि सुट्टीच्या दिवसाची, तेवढं बघून घ्या.

बदलायला पाच-सात मिनिटंच दिसली तरी घाबरू नका. तिथल्या गाड्या बहुतेक दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात, एक चुकली तर पुढची अर्ध्या-एक तासात मिळते, सासूबाईंना धावायला लावू नका.

खरी काळजी इंटरलाकेन ओस्टला घ्यायची. तिथून सुटणारी गाडी पुढं त्स्वायल्युत्शिनेनला दोन तुकडे होऊन अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला जाते. आम्ही गर्दीत समोर आला त्या डब्यात बसलो, आणि गाडी सुटल्यावर दाराजवळच्या स्क्रीनवर ग्रिंडेलवाल्ड वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. त्स्वायल्युत्शिनेनला बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्या अर्ध्या गाडीकडे पळालो, आईचा हात धरून, कशीबशी मिळाली. प्लॅटफॉर्मवर ए, बी अशी अक्षरं असतात आणि कुठल्या अक्षरापाशी कुठला डबा ते इंडिकेटरवर येतं, तिथंच उभं राहा. चढताना डब्यावरचं गावाचं नाव वाचा, आणि तिघंही एकाच डब्यात चढा.