पॅरा-सायकलपटू मोठ्या स्पर्धेआधी मोटार रेसिंगच्या बंद ट्रॅकवर का शर्यती खेळतात? रस्त्यावरचा सराव पुरत नाही का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की ‘सुरक्षितता हे एकच कारण आहे का?’ नाही. माझ्या बाबतीत तर ते पहिलं कारणही नव्हतं. पहिलं कारण होतं पंक्चर.

मी मूळचा खोपोलीचा. बरीच वर्षं इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात राहतो आणि हँडसायकल, म्हणजे हातांनी पेडल मारायची तीनचाकी सायकल चालवतो. पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून छातीच्या मध्याखाली मला काही जाणवत नाही, काही हलत नाही. पॅरा-सायकलिंगच्या वर्गवारीत मी एच३. हँडसायकलचे एच१ ते एच५ असे पाच गट असतात. आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त. एच५ वाले गुडघ्यांवर बसून चालवतात, आम्ही बाकीचे उताणे पडून.

तर तीन वर्षांपूर्वी घरापासून १४ किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना उंच कुंपण असलेल्या एका अरुंद रस्त्यावर माझं पुढचं चाक बसलं. साधी सायकल पंक्चर झाली तर माणूस शिव्या घालत ती ढकलत निघतो. मी कुठे निघणार? व्हीलचेअर घरी गॅरेजात. ट्यूब बदलायची तर आधी सायकलवरून जमिनीवर उतरायचं आणि मग परत वर चढायचं, तेही वळणावर, ओल्या गवतात. मी फोन केला आणि पडून राहिलो. एक आजीबाई गाडी थांबवून घाबऱ्या घाबऱ्या आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी उडवलेला माणूस पडलाय. ‘मी ठीक आहे, मी असाच झोपून चालवतो’ हे त्यांना पटवायला दोन मिनिटं लागली. बायको ऑफिसातून येईपर्यंत पाऊण तास आम्ही त्यांच्या गुलाबांवरच्या रोगाबद्दल बोलत होतो.

आता कॅसल कूम घ्या. विल्टशरमधला हा मोटार रेसिंगचा ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई तळावर बांधलेला आहे, १९५० पासून चालू आहे. एक फेरी साधारण ३ किलोमीटरची. म्हणजे मी कुठेही अडकलो तरी माझी खुर्ची जास्तीत जास्त दीड किलोमीटरवर. संध्याकाळी मोटारी नसतात तेव्हा तिथे सायकलच्या शर्यती होतात. गाडी लावायला सपाट डांबर, खुर्चीतून सायकलवर सरकायला जागा, आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीला हसू नका. गावातल्या सभागृहापासून सुरू होणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतीला मी एकदा गेलो होतो, नाव नोंदवायच्या टेबलापर्यंत पोचायला चार पायऱ्या होत्या. माझा नंबर कुणीतरी बाहेर आणून दिला. बाकीच्या गोष्टींबद्दल मी विचारलंच नाही, पाणी पिणं बंद केलं आणि शर्यतीत त्याची शिक्षा भोगली.

आता खेळाचं बोलू. हँडसायकलवर माझे डोळे मोटारीच्या दाराच्या मुठीपेक्षा खाली असतात. समोर क्रँक, म्हणजे हातांनी फिरवायचा पेडलचा दांडा, फिरत असतो, त्याच्या फटीतून रस्ता बघायचा. ज्या हातांनी पेडल मारायचं त्याच हातांनी वळायचं, ब्रेकही तिथेच, गिअरही तिथेच. रस्त्यावर मी निम्मं डोकं ‘मागच्या व्हॅनला मी दिसतोय का’ यावरच खर्च करतो. सायकलला काठी लावून झेंडा बांधलाय, दिवे आहेत, तरीही. त्या डोक्याने तंदुरुस्ती वाढवता येते, शर्यत शिकता येत नाही.

शर्यत म्हणजे दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, तो कधी दमलाय हे त्याच्या खांद्यांवरून ओळखणं, आणि वळणातून बाहेर पडताना नेमका कधी जोर लावायचा ते ठरवणं. हे एकट्याने येत नाही. आमच्या प्रत्येक सायकलला मागे एक आडवी दांडी असावी लागते. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या दोन मागच्या चाकांमध्ये घुसू नये म्हणून. उताणं झोपून चालवणाऱ्यांना आरसाही सक्तीचा, कारण मान वळवून मागे बघणं जमत नाही. त्या दांडीपासून वीतभर अंतरावर, ताशी ३५ किलोमीटरने, पुढच्यावर विश्वास ठेवून राहणं मला जमायला एक अख्खा उन्हाळा गेला. समोरून ट्रॅक्टर येणाऱ्या रस्त्यावर ते शिकायला मी तयार नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. रस्त्यावर कुठे सिग्नल, कुठे मेंढ्या. ट्रॅकवर तेच डांबर, तेच वळण, फक्त वारा वेगळा. (जुना हवाई तळ असल्याने वारा भरपूर. कॅसल कूमला वारा नाही अशी संध्याकाळ मी पाहिलेली नाही.) माझी बरी फेरी सहा मिनिटांच्या आसपास असते. सातव्या फेरीला ती साडेसहावर गेली, तर सुरुवात जास्त जोरात केली हे मला तिथल्या तिथे कळतं, आठव्या फेरीत दुरुस्तही करता येतं. उष्म्याचाही प्रश्न असतो. मार बसलेल्या जागेच्या खाली आम्हाला नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापलं की पटकन थांबून गार पाणी ओतून घ्यावं लागतं. ट्रॅकवर दर सहा मिनिटांनी बायको पाण्याचा फवारा घेऊन उभी असते.

आणि मोठ्या स्पर्धाही पुष्कळदा अशाच ठिकाणी असतात. लंडन २०१२ पॅरालिम्पिकच्या रोड शर्यती ब्रँड्स हॅचला झाल्या, टोकियोच्या फुजी स्पीडवेवर. दोन्ही मोटार रेसिंगचे ट्रॅक. ब्रिटनची पॅरा-सायकलपटू सारा स्टोरी हिने आपलं सतरावं पॅरालिम्पिक सुवर्ण फुजीलाच, पावसात घेतलं. तेव्हा ट्रॅकवरचा सराव म्हणजे रस्त्याची दुधाची तहान ताकावर, असं समजू नका.

फक्त बंद ट्रॅक म्हणजे बिनधोक, असं समीकरण मांडू नका. आलेस्सांद्रो झानार्दी हा इटालियन ड्रायव्हर, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला. २००१ मध्ये जर्मनीतल्या लाउझित्सरिंगवर, म्हणजे बंद ट्रॅकवरच, मोटार शर्यतीत त्याचे दोन्ही पाय गेले. २०१२ मध्ये ब्रँड्स हॅचवर त्याने हँडसायकलमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. आणि २०२० च्या जूनमध्ये इटलीत उघड्या रस्त्यावर हँडसायकल चालवताना ट्रकशी धडक होऊन तो पुन्हा गंभीर जखमी झाला. या माणसाच्या आयुष्यातून कुणालाही हवा तो निष्कर्ष काढता येईल. म्हणून मी काढत नाही.

माझी स्वतःची सगळ्यात वाईट पडझड ट्रॅकवरचीच. कॅसल कूमला ‘एसेस’ नावाचं उलटसुलट वळण आहे, मोटारींचा वेग कमी करायला नंतर घातलेलं. दुचाकीवाला तिथे अंग झुकवतो. माझं कंबरेखालचं अंग झुकतच नाही, फक्त खांदे टाकायचे. मी उशिरा ब्रेक मारला, आतलं चाक उचललं आणि मी घसरत गवतात. कोपर सोलवटलं. पण मागून दुसरं काही येत नव्हतं, एवढा फरक.

भारतात काय, हेही तुम्ही विचारलंय. पॅरिस २०२४ ला पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पॅरा-सायकलपटू पहिल्यांदाच उतरले, अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. ते दोघं दोन चाकांच्या सायकलवर, म्हणजे ‘सी’ गटात. त्यांना रस्त्यावर सराव करणं आमच्यापेक्षा जरा सोपं, निदान उंचीमुळे दिसतात तरी. हँडसायकलचं अवघड. लहानपणी मी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला उभा राहायचो, ‘घाटाचा राजा’ कोण होतो त्यावर आमच्या पैजा लागायच्या. हँडसायकलला जोर पुढच्या चाकाला मिळतो आणि वजन मागे असतं. ओल्या बोरघाटात ते चाक जागेवरच गरगरेल. तुमच्या ओळखीत कुणी हँडसायकल सुरू करत असेल, तर आधी मोठ्या कॉलेजचं किंवा कारखान्याचं आवार बघा, रविवारी सकाळी, परवानगी काढून. एक किलोमीटरची फेरी मिळाली तरी पुष्कळ. दारात व्हीलचेअर घेऊन एक माणूस उभा करा. आणि ट्यूब दोन ठेवा, एक नाही.

माझी राष्ट्रीय स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. गेल्या गुरुवारी एसेसमध्ये मी अजूनही गरजेपेक्षा आधी ब्रेक मारत होतो. पुढच्या दोन गुरुवारी तेवढंच करायचंय.